टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई : योएलाचे वचन नेमके काय सांगते

प्रश्न असा आहे. एका ताईंची दोन एकर डाळिंबाची बाग तेल्या रोगाने गेली. झाडे उपटावी लागली, पतसंस्थेचे कर्ज मात्र राहिले. पुढच्याच वर्षी पती आजारपणात वारले, शिकणारा मुलगा पदरात राहिला. एका सभेत त्यांना जुन्या करारातल्या योएल संदेष्ट्याचे हे वचन (योएल २:२५) दिले गेले : टोळांनी खाल्लेल्या वर्षांची मी तुम्हांला भरपाई करून देईन. ह्या वचनावर हक्क सांगा, बारा हजारांचे ‘बी’ पेरा, म्हणजे तेवढे अर्पण द्या, वर्षभरात दुप्पट परत येईल, असे उपदेशक म्हणाले. ताईंनी कानातले मोडून पैसे दिले. दीड वर्ष झाले. आता त्यांना सांगितले जाते की विश्वास कमी पडला. त्या विचारतात : हे वचन माझ्यासाठी आहे का? माझा विश्वास खरेच कमी पडला का? आणि माणूस गेला, त्याची भरपाई कशी होते?

ताई, पस्तीस वर्षे मी पाळकाचे काम करतो आहे. त्यातली बहुतेक कोरडवाहू गावांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांत गेली, मधली काही जुना करार शिकवण्यात. तुमच्या मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण झोप उडवणारा प्रश्न तोच असणार. तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. ज्याचा विश्वास पुरेसा त्याला भरपाई, ज्याचा अपुरा त्याची बाग गेली ती गेली, असा हिशोब योएलाच्या पुस्तकात कुठेच नाही. तिथे काय आहे ते माझ्याबरोबर सावकाश वाचा. पुस्तक छोटे आहे, मराठी पवित्र शास्त्रात तीनच अध्यायांचे.

पहिल्या अध्यायात टोळधाड येऊन गेलेली आहे. हिब्रूत टोळांसाठी चार शब्द येतात : गाझाम, अर्बे, येलेक, हासील. ह्या चार जाती, असे काही अभ्यासक म्हणतात. काहींच्या मते एकाच टोळाच्या वाढीच्या अवस्था. कसेही असो, एकाने सोडले ते दुसऱ्याने खाल्ले आणि दुसऱ्याने सोडले ते तिसऱ्याने. १९१५ साली मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत पॅलेस्टाईनवर अशीच धाड आली होती. यरुशलेमच्या अमेरिकन कॉलनीतल्या छायाचित्रकारांनी तिचे फोटो काढून ठेवले आहेत. त्यात एका अंजिराचे आधीचे आणि नंतरचे चित्र आहे. आधी पानांनी भरलेले झाड, नंतर नुसता सांगाडा. अंजिराची साल सोलून काढली, फांद्या पांढऱ्या पडल्या, असे योएल १:७ मध्ये आहे, ते कवीचे अलंकार नव्हेत. आपल्याकडेही मे २०२० मध्ये टोळांचे थवे अमरावती, वर्धा, नागपूर भागात उतरले, तेव्हा लोक थाळ्या-डबे बडवत, धूर करत बागा राखत होते.

योएल सगळ्यांना रडायला बोलावतो. दारू पिणाऱ्यांना, याजकांना, नांगरणाऱ्यांना, द्राक्षमळे राखणाऱ्यांना. ढेकळांखाली बी करपले आहे, कोठारे ओस पडली आहेत, गुरे हंबरत फिरताहेत, कारण चरायला काही उरलेले नाही. मंदिरातले अन्नार्पण आणि पेयार्पणसुद्धा थांबले आहे, कारण घरात दाणा नाही तर वेदीवर कुठून येणार? देवालासुद्धा द्यायला काही नाही, अशी ती अवस्था आहे. त्या दिवसांत कुणी येऊन ‘आधी बी पेरा’ म्हणाला असता, तर योएलाने त्याला काय सांगितले असते, ह्याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

एक गोष्ट ह्या अध्यायांत शोधूनही सापडत नाही, आणि ती नसणेच मला मोलाचे वाटते. लोकांनी नेमके कोणते पाप केले म्हणून टोळ आले, हे योएल सांगत नाही. दुसरे संदेष्टे सांगतात : आमोस सांगतो, यशया सांगतो, यिर्मया तर तपशिलात सांगतो. योएल फक्त म्हणतो, मागे फिरा. वस्त्रे नव्हे, हृदये फाडा. कुणाच्या अंगणात जाऊन तो म्हणत नाही की तुझ्यामुळे हे झाले. बाग गेलेल्या घरी जाऊन आधी कारण शोधू लागणारे लोक योएलाच्या वाटेने चाललेले नाहीत.

आता २:१४ वाचा. ह्या वचनावर प्रवचन मी क्वचितच ऐकले आहे. सगळ्यांना उपास करायला, रडायला, देवाकडे वळायला सांगून झाल्यावर संदेष्टा म्हणतो, ‘कोण जाणे!’ हिब्रूत ‘मी योदेआ’. कोण जाणे, तो वळेल, त्याला दया येईल आणि तो आपल्यामागे आशीर्वाद ठेवून जाईल. हे संदेष्टा स्वतः बोलतो आहे, ज्याच्या तोंडी देवाने शब्द घातले तो. तोसुद्धा हक्क सांगत नाही. देव दयाळू आणि मंदक्रोध आहे हे त्याला पक्के ठाऊक आहे, एक वचन आधी त्याने तेच म्हटले आहे. पण दयाळू देवापुढेही तो हात पसरून उभा आहे, पावती दाखवून मागत नाही. ‘कोण जाणे’ म्हणणाऱ्या योएलाचा विश्वास कमी पडला, असे म्हणायला कुणी धजेल का?

मग २:१८ पासून देवाचे उत्तर सुरू होते. त्याचा क्रम पाहा. आधी जमिनीला, ‘हे भूमी, भिऊ नको.’ मग रानातल्या पशूंना, भिऊ नका, कुरणे हिरवी झाली आहेत. त्यानंतर माणसांना. पहिला पाऊस आणि शेवटचा पाऊस दोन्ही मिळतील. तिकडे पावसाळा हिवाळ्यात असतो : पहिल्या पावसावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी होते आणि मार्च-एप्रिलच्या शेवटच्या पावसाने दाणा भरतो. भरपाईची सुरुवात अशी मातीत, पावसात आणि गुरांच्या चाऱ्यात होते.

आणि मग ते पंचविसावे वचन येते. त्यातला ‘तुम्हांला’ हा शब्द मराठीत फसवा आहे. आपण एका माणसालाही आदराने ‘तुम्हांला’ म्हणतो. सभेत ते वचन तुमच्याकडे पाहून म्हटले गेले, तेव्हा ते थेट तुम्हालाच आहे असे तुम्हाला वाटले, ह्यात तुमचे काही चुकले नाही. मूळात ‘लाखेम’ आहे, ते अनेकवचन. सगळ्या गावाला, म्हाताऱ्यांना, अंगावर पिणाऱ्या लेकरांना, मांडवातून बाहेर बोलावलेल्या नवरा-नवरीला मिळून दिलेले हे वचन आहे. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला मी हो म्हणतो, पण ते तुम्हाला मंडळीबरोबर मिळते. तुम्हाला बाजूला काढून, तुमच्या एकटीच्या खात्यावर ते लिहिलेले नाही. तुमच्या घरी टोळ आले तेव्हा मंडळी कुठे होती, हा प्रश्न ह्या वचनातून मंडळीला विचारला जातो.

‘भरपाई करून देईन’ ह्याला मूळ क्रियापद ‘शिल्लेम’ आहे. ‘शालोम’ ज्या धातूतून येतो, त्याच धातूतले. मोडलेले पुरे करणे, देणे चुकते करणे. निर्गम ह्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात नुकसानभरपाईच्या कायद्यात हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. तिथले पाचवे वचन आपल्या कुठल्याही गावच्या तंट्यातले वाटावे असे आहे : एखाद्याने आपली जनावरे दुसऱ्याच्या शेतात सोडली आणि त्यांनी ते चरून टाकले, तर त्याने आपल्या शेतातल्या चांगल्यात चांगल्या पिकातून भरपाई करावी. आता योएल २:२५ चा शेवट पाहा. टोळांना देव म्हणतो, ‘मी पाठवलेले माझे मोठे सैन्य.’ म्हणजे ज्याची जनावरे शेत चरून गेली, त्या मालकाच्या जागी देव स्वतः उभा राहतो आणि म्हणतो, देणे माझ्याकडे लागते. मी पहिल्यांदा हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचले, तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. सगळी पृथ्वी ज्याची आहे, त्याला असे बोलायची काय गरज होती? पण तो बोलतो. आणि ह्या कायद्यात भरपाई नुकसान झालेल्याने आगाऊ पैसे भरून घ्यायची नसते. ज्याचे शेत गेले, त्याच्याकडून काही मागितले जात नाही.

दुप्पट परत मिळण्याचा आकडा ह्या वचनात नाही. तो आला ईयोबाकडून, ज्याची गुरेढोरे आणि लेकरे सगळी गेली त्या माणसाच्या गोष्टीतून. त्याच्याकडे येतोच, पण आधी रूथचे पुस्तक, कारण तुमच्यासारखी बाई त्या पुस्तकात आहे.

नामी. दुष्काळ पडला म्हणून बेथलेहेम सोडून नवरा आणि दोन मुलांबरोबर मवाबात गेली. बेथलेहेम ह्या नावाचा अर्थच भाकरीचे घर, आणि तिथेच भाकर नव्हती. परदेशात नवरा अलीमलेख वारला, दहा वर्षांत महलोन आणि खिल्योन हे मुलगेही वारले. देवाने आपल्या लोकांना पुन्हा अन्न दिले आहे असे ऐकून ती सून रूथ हिच्याबरोबर परत आली. बाया वेशीत जमल्या, तेव्हा ती म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. ‘मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणले.’

ह्या वाक्यातल्या दोन हिब्रू शब्दांवर अख्खे पुस्तक उभे आहे. ‘रेकाम’ म्हणजे रिकामी. आणि ‘परत आणले’ हे ‘शूव’ धातूचे रूप. तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळ माझा जीव ताजातवाना करतो असे आपण म्हणतो, तिथेही हाच धातू आहे. नामी म्हणते, परत तर आणले, पण रिकामी. कडू बोलली म्हणून तिला कुणी टोकत नाही. देव टोकत नाही, बाया टोकत नाहीत, कथा सांगणारा टोकत नाही. तिच्या बोलण्यानंतर लगेच एक साधे वाक्य येते : त्या बेथलेहेमात आल्या, तेव्हा सातूच्या कापणीला सुरुवात झाली होती.

रूथ सरवा वेचायला जाते. हा शब्द आपल्या जुन्या माणसांच्या रोजच्या बोलण्यातला. कापणी झाल्यावर रानात पडलेली कणसे गरिबाने वेचून न्यायची. पण इस्राएलात तो मालकाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. लेवीय १९:९-१० प्रमाणे शेताचे कोपरे कापायचे नाहीत, पडलेला सरवा उचलायचा नाही, तो गरीब आणि परदेशी ह्यांचा आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात विधवा आणि अनाथ ह्यांचीही नावे आहेत. देव पुरवतो म्हणजे काय करतो, हे मला कुणी विचारले तर मी आधी ह्या कायद्यावर बोट ठेवतो. देवाने आकाशातून सातूचे पोते टाकले नाही. शेताच्या कोपऱ्यावर विधवेचे नाव घातले आणि ते पाळायचे ओझे जमीन असलेल्यावर ठेवले. रूथ ज्याच्या शेतात वेचते तो बवाज ते पाळतो, आणि कायद्याहून पुढे जातो : मजुरांना सांगतो, पेंढ्यांतूनही थोडी कणसे मुद्दाम ओढून टाका. संध्याकाळी रूथ झोडपते, तर एफाभर सातू होतात, आजच्या मापाने साधारण २२ लिटर. एका दिवसाच्या सरव्याला हे फार आहे, आणि ते कुठून आले हे नामी लगेच ओळखते.

तिसऱ्या अध्यायात, रात्रीच्या खळ्यानंतर, बवाज रूथच्या अंगावरच्या वस्त्रात सहा मापे सातू घालून देतो. घरी आल्यावर रूथ सासूला सांगते, ते म्हणाले, ‘सासूकडे रिकामी जाऊ नको.’ तोच शब्द, ‘रेकाम’. नामी ज्या शब्दाने देवाला बोलली, त्या शब्दाचे उत्तर शेजारच्या शेतकऱ्याच्या तोंडून, सुनेच्या पदरात आले. पुढे बवाज वतन सोडवतो, रूथशी लग्न करतो, ओबेद जन्मतो. बाया नामीला म्हणतात, हा तुझा जीव परत आणणारा होईल, ‘मेशीव नेफेश’. पुन्हा ‘शूव’.

पण ताई, अलीमलेख परत येत नाही. महलोन, खिल्योन परत येत नाहीत. चौथ्या अध्यायात वतनाच्या व्यवहारात त्या तिघांची नावे वेशीत मोठ्याने घेतली जातात. पुस्तक त्यांना विसरत नाही आणि ओबेद त्यांची जागा घेतो असेही म्हणत नाही. नामी त्याला उराशी धरते, एवढेच लिहिले आहे.

ईयोबाचे तसेच आहे. शेवटच्या अध्यायात त्याची मेंढरे ७,००० ची १४,००० झाली, उंट ३,००० चे ६,०००, बैलांच्या जोड्या ५०० च्या १,०००. दुप्पट दुप्पट म्हणतात ते इथून. आता मुले मोजा. आधी सात मुलगे आणि तीन मुली होत्या, नंतरही सात मुलगे आणि तीन मुलीच. मुले दुप्पट झाली नाहीत. पूर्वीचे काही यहूदी आणि ख्रिस्ती वाचक ह्याचा अर्थ असा लावतात की पहिली दहा हरवलेली नव्हती, देवाजवळ होती. मला तो अर्थ सुंदर वाटतो, पण मी त्याहून साधे म्हणतो. जनावराच्या जागी जनावर येते. लेकराच्या जागी लेकरू येत नाही, आणि शास्त्राने तसा हिशोब मांडायचे नाकारले. तुमच्या पतींच्या जागी काही यावे, अशी वाट पाहायला तुम्हाला देव सांगत नाही.

ईयोबाच्या त्याच अध्यायात आणखी दोन गोष्टी आहेत. एक : तुझ्याच काही चुकीमुळे हे झाले असे पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या मित्रांना देव म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. रडून-भांडून जाब विचारणारा ईयोब मात्र यथार्थ बोलला. तुमचा विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांना हे ४२:७ वाचून दाखवायला हरकत नाही. दुसरी : देवाने ईयोबाची स्थिती पालटली असे दहाव्या वचनात आहे, आणि अकराव्यात तपशील आहे. त्याचे भाऊ, बहिणी, पूर्वीचे ओळखीचे सगळे घरी आले, त्याच्याबरोबर जेवले, त्याचे सांत्वन केले, आणि प्रत्येकाने एक एक चांदीचे नाणे आणि एक एक सोन्याचा ‘नेझेम’ दिला. नेझेम म्हणजे नाकातला किंवा कानातला दागिना. देवाची माणसे दुःखाच्या घरी सोने घेऊन आली. तुमच्या बाबतीत दुःखाच्या घरून सोने बाहेर गेले. हे लिहिताना मला, एक पाळक म्हणून, तुमची क्षमा मागावीशी वाटते.

मान्न्याविषयी थोडे सांगतो, कारण पुरवठा म्हटले की प्रवचनात मान्ना येतोच, आणि बहुधा भरभराटीची खूण म्हणून येतो. निर्गम १६ मध्ये तो रानात चाललेल्या इस्राएल लोकांना देवाने दिलेला रोजचा शिधा आहे. माणशी एक ओमर, म्हणजे एफाचा दहावा भाग. ‘मान हू’, हे काय आहे, असे विचारत लोकांनी तो गोळा केला. कुणी जास्त गोळा केला, कुणी कमी, पण मापल्यावर कुणाला उरला नाही, कुणाला कमी पडला नाही. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट, आणि तोही विसाव्यासाठी. मी १९७२ च्या दुष्काळात आठ वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची आणि कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची. आम्ही भावंडे वाटेवर उभे असायचो. ती सगळ्यांचे वाटे सारखे करायची, आणि शेजारच्या म्हातारीचा वाटा आमच्या आधी बाजूला निघायचा. त्या वर्षी रात्री प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणताना तिचा आवाज बदलायचा. मराठी शास्त्रात तिथे ‘भाकर’ शब्द आहे ह्याबद्दल मी अनुवादकांचा ऋणी आहे. आणि त्या ओळीतही ‘आमची’ आहे, ‘माझी’ नाही.

पौलाने मान्न्याचे ते माप उचलून करिंथच्या मंडळीपुढे ठेवले (२ करिंथ ८:१५). यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी तो वर्गणी गोळा करत होता. ज्याने फार गोळा केले त्याला जास्त झाले नाही, ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही, हे वचन त्याने द्यायला सांगण्यासाठी वापरले आणि ज्याच्याकडे होते त्यालाच सांगितले. पुढच्याच अध्यायात त्याने अर्पणाचा नियम दिला : खेदाने नको, भिडेने नको. सभेत सगळ्यांसमोर, भीती आणि आशा एकत्र दाखवून मागितलेले पैसे ह्या नियमात बसत नाहीत.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे : दुष्काळात करीथ ओहोळ, भाकर-मांस आणणारे कावळे. पण मग ओहोळ आटला. देवाने दाखवलेल्या जागीच आटला. त्यानंतर देवाने त्याला सारफथच्या एका परदेशी विधवेकडे पाठवले, जिच्याकडे मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल उरले होते. संदेष्ट्याने तिच्याकडे आधी आपल्यासाठी भाकर मागितली हे खरे, आणि ह्याच वचनाचा आधार घेऊन विधवांकडून पैसे मागितले जातात. पण एलीया नंतर तिच्याच घरात राहिला, त्याच मडक्यातले खाल्ले, आणि तिचा मुलगा दगावला तेव्हा त्याला उचलून माडीवर नेऊन देवाशी भांडला. पैसे घेऊन पुढच्या गावच्या सभेला निघून गेला नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे यहूदी, लोक एलीयाला फार मानतात. मंगल प्रसंगी गोड पोहे, नारळ आणि फळे मांडून त्याच्या नावाने मलिदा करतात, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला तो येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा आहे. घाण्यावर तेल गाळणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. विधवेच्या कुपीतल्या तेलाची गोष्ट त्या घरांत कशी ऐकली जात असेल, असे माझ्या मनात येते.

‘वर्षभरात’ ह्या मुदतीविषयी एकच सांगतो. यिर्मयाच्या काळात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून म्हणाला, दोन वर्षांत बाबेलला नेलेले सगळे परत येईल. यिर्मयाचे पहिले उत्तर होते, आमेन, परमेश्वर तसेच करो. त्यालाही तेच हवे होते. पण देवाने त्याला जे सांगितले, ते सत्तर वर्षांचे होते. त्याने बंदिवानांना पत्र लिहिले : घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा. भिंतींवर लावलेले ते प्रसिद्ध वचन, ‘तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत’, ह्याच पत्रातले आहे. लांबलेल्या मुदतीच्या मधोमध लिहिलेले. पुढे कोरेश राजाने इ.स.पू. ५३८ मध्ये परत जायची मुभा दिली आणि नव्या मंदिराचा पाया घातला गेला, तेव्हा पहिले मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले. तरुण जयघोष करत होते. एज्रा म्हणतो, रडणे कुठले आणि जयघोष कुठला हे ओळखू येईना. तुमच्या घरी मुलाचा निकाल चांगला लागेल त्या दिवशी तुम्ही असेच रडाल, आणि ते अविश्वासाचे रडणे नसेल.

योएलाचे पुस्तक भरपाईच्या वचनावर थांबत नाही. त्यानंतर, मी आपला आत्मा सगळ्यांवर ओतीन : मुलगे, मुली, म्हातारे, तरुण, दास आणि दासींवरसुद्धा. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेन्टेकॉस्टच्या सणाला, येशूचा शिष्य पेत्र ह्याने यरुशलेममध्ये उभे राहून हाच उतारा वाचला. मग त्या मंडळीत काय घडले ते लूक लिहितो : त्यांच्यात कोणी गरजवंत नव्हता, कारण जमिनी-घरे असलेले ती विकून पैसे आणत आणि ज्याला जशी गरज तसे वाटले जाई. अनुवाद १५:४ मधला ‘तुमच्यात कोणी दरिद्री नसावा’ हा शब्द तिथे खरा झाला. योएलाची भरपाई नव्या करारात कुठे दिसते, असे विचाराल तर मी इथे बोट ठेवीन.

आणि तो वचन वाचणारा पेत्र. काही आठवड्यांपूर्वी कोळशाच्या शेकोटीजवळ उभा राहून त्याने तीनदा प्रभूला नाकारले होते. योहान २१ मध्ये पुनरुत्थित येशू तिबेर्या समुद्राच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव पेटवून बसला आहे. कोळशाच्या विस्तवाला योहान जो ग्रीक शब्द वापरतो, तो नव्या करारात ह्या दोनच ठिकाणी येतो. विस्तवावर मासळी आणि भाकर आहे. रात्रभर जाळ्यात काही न लागलेल्या माणसांना तो म्हणतो, या, न्याहारी करा. आधी पोट भरले, मग तीनदा विचारले, माझ्यावर प्रेम करतोस काय? पेत्राने केलेले पुसले गेले नाही. त्याच जागी नेऊन त्याला पुन्हा उभे केले. येशूच्या हातांवरचे खिळ्यांचे वणही पुनरुत्थानानंतर तसेच होते, थोमाने ते पाहिले. ख्रिस्ती माणूस पुनःस्थापना म्हणतो तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे हे वण असलेले शरीर असते. तुमच्या पतींविषयीचे खरे उत्तर माझ्याजवळ हेच आहे. ते प्रभूजवळ आहेत, आणि शेवटच्या दिवशी उठवले जातील. त्याच्या आधी त्यांची जागा भरून काढायचा प्रयत्न मी करणार नाही, आणि तुम्हीही करू नका.

ह्याच महाराष्ट्रातले एक उदाहरण मला नेहमी आठवते. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण गमावली. ती माणसे परत आली नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळे पवित्र शास्त्र मराठीत आणले, आणि केडगावच्या छापखान्यात त्या सदनातल्या बायका-मुलींनी ते छापले.

आता करायचे काय. त्या सभेला किंवा त्या उपदेशकाला आणखी एक रुपयाही देऊ नका. दिलेले परत मागावेसे वाटले तर मागा, त्यात पाप नाही; जकातदार जक्कयाने फसवून घेतलेले चौपट परत करतो म्हटले तेव्हा येशूने त्याच्या घरी तारण आले असे म्हटले. कर्जाचे कागद घेऊन तुमच्या पाळकांकडे आणि मंडळीतल्या हिशोब कळणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्याकडे जा. पतसंस्थेत बोलायला एकट्या जाऊ नका, सोबत कुणी तरी असू द्या. मदत मागायला लाज वाटली तर शेताच्या कोपऱ्याचा कायदा आठवा : तो भाग मालकाचा नव्हताच. मुलाच्या शिक्षणाचे मंडळीला स्पष्ट सांगा, आडून नको. आणि तुमच्या पाळकांनी हात झटकले, तर मला कळवा.

रोजच्या प्रार्थनेत सध्या मोठी वचने म्हणू नका. प्रभूची प्रार्थना पुरे. आणि एखाद्या संध्याकाळी मुलाला रूथचे पुस्तक मोठ्याने वाचायला सांगा, अर्धा तास लागत नाही. तिसऱ्या अध्यायाच्या सतराव्या वचनापाशी त्याला थांबवा, आणि सहा मापे सातू पदरात घेऊन पहाटे घरी चालत येणे किती जड गेले असेल, ते तुम्ही शेतात राबलेल्या बाईने त्याला समजावून सांगा.